मी आलो

आमच्या वडगावच्या गल्लीत
पहाटे साडेपाचला माग सुरू होतात,
मग कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही.
आम्ही ओठ वाचतो.
समोरच्या मागावर नीलव्वा. ती कानडीत बोलते, मी मराठीत,
खडखडाटात दोन्हीचं वजन सारखंच.
‘कांडी संपली’ एवढं ओठांवर दिसलं
की भाषा कोणची ते विचारायला
धोटा कुठं थांबतोय?

एक नोव्हेंबरला अर्ध्या गल्लीच्या दंडावर काळी फीत,
अर्ध्या गल्लीत पिवळा-तांबडा झेंडा.
माग बंद.
आम्ही दोघी त्या दिवशी गोधड्या धुतो.

औंदा दिवाळीला पुण्याला गेलो. भाच्याचं घर, नववा मजला.
दारातच म्हटलं, ‘मी आलो गा.’
त्याची धाकटी हसत सुटली.
‘आजी, आलो नाही, आले म्हण. तू बाई आहेस ना?’

आहे की.
तीन बाळंतपणं झालीत, चौथं अर्ध्यात गेलं.
पण आमच्याकडं बायका जेवलो म्हणतात, दमलो म्हणतात,
निघतो म्हणून चप्पल शोधतात.
कुणाला त्यात बाप्या दिसत नाही.

पोरीनं चार दिवस शिकवलं, हातात पट्टी घेऊन.
आले. गेले. बसले.
मीही म्हणून बघितलं. लेकराचं मन कशाला मोडा.
दुसऱ्याच्या चपलेत पाय घातल्यागत
जीभ फरफटत चालली.
येताना गाडीनं कोगनोळीचा नाका ओलांडला,
पाट्यांवरची अक्षरं गोल झाली.
शेजारच्या बाईला म्हटलं,
‘जरा सरकता काय, लई दमलो.’
ती सरकली.
‘मीबी,’ म्हणाली, ‘काल रात्री उभ्यानंच आलो.’

पंधरा ऑगस्टला मालक दोन भाषांत बोलतात.
रक्त सांडलं, हे दोन्हीत येतं.
मग बुंदीचा लाडू, एकेक.
नऊला माग सुरू.
मी लाडू पदराला बांधून ठेवतो,
काय मिळालं ते दुपारी सावकाश खातो.

तर परवा तीनला लाईट गेली.
सगळे माग एका दमात गप्प.
आधी कान दुखले,
मग नळाचा थेंब ऐकू आला, कुणाचा तरी खोकला,
लांब कुठंतरी कोंबडा, त्याला वेळ कळली नसावी.
मग नीलव्वाचा आवाज. अकरा वर्षं झाली संगं,
तरी दरवेळी दचकतो,
इतका जाड आहे.
पायरीवर बसून शेंगा सोलत तिला पुण्याचं सांगितलं.
ती म्हणाली, आमच्यात ‘बंदे’.
बाप्या आला तरी बंदे, बाई आली तरी बंदे.
‘आणि आलं तर,’ बोट नाचवत म्हणाली,
‘चहात घालतात.’
टरफलं सांडेपर्यंत हसलो.

मला ‘आलीस’ म्हणतात, ‘गेलतीस’ म्हणतात,
ते त्यांच्या तोंडचं, मी कुठं पुरा पडू?
माझ्या तोंडून मी निघतो तेव्हा
कुंकू, काकण, वय काहीच बरोबर घेत नाही.
नुसता निघतो.
नवऱ्यानं विचारलं, कुठं होतीस इतका वेळ?
तळ्याच्या कट्ट्यावर बसलो होतो.
कशाला?
ह्याचं उत्तर मला अजून देता येत नाही.
बसलो होतो. पाण्यात एक टायर होता.
तेवढंच.

चारला लाईट आली.
उठता उठता नीलव्वा काहीतरी म्हणाली.
तोवर माग सुटला होता.
ओठ हलताना दिसले, कळलं नाही,
मी आपली मान हलवली.
उद्या लाईट गेली तर विचारीन.